खारव्याचा चौथा भाग

माझा मुलगा मध्यंतरी मला एका परदेशी सिनेमाला घेऊन गेला. वेगवेगळ्या सिनेमांतले वीर त्यात एकत्र येतात आणि एकाच महादुष्टाशी लढतात. तीन तास नुसती धडामधुडुम. बाहेर येऊन चहाला बसलो तर हा पठ्ठ्या मलाच शिकवायला लागला, "आई, नीट बघितलंस ना, तर हे आपल्या पोथीसारखंच आहे. सगळीकडचे राजे एका रणांगणावर येतात, तसंच." जसा काही शोध यानेच लावला! मी म्हटलं, "बाबा रे, हे मी तुझ्या जन्माआधी ऐकलंय. रत्नागिरीत, आमच्या पडवीत, आणि तुझ्यापेक्षा हुशार माणसाकडून."

मग तो मागेच लागला. मी थोडं सांगितलं. चार भागांचं कॉमिक होतं, तीन भाग आले, चौथा आलाच नाही, एवढंच. लगेच त्याचे डोळे चमकले. जुनी कॉमिकं जमवणारे लोक असतात म्हणे, त्यांचे गट असतात, कुणाकडे तरी तो चौथा भाग असणारच, दोन दिवसांत शोधून देतो म्हणाला. मी त्याच्यावर इतकी जोरात ओरडले की बाजूच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या. "शोधलास तर माझ्याशी बोलू नकोस," म्हटलं. पोरगं खाली बघून चहा ढवळायला लागलं बिचारं. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला आवरलं नाही, आणि का आवरलं नाही ते तिथे चहा पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही माळनाक्याजवळ भाड्याच्या घरात राहायचो. पुढे पडवी, मागे परसात एक माड आणि एक रातांब्याचं झाड. बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. केबिनमध्ये बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते भोंग्यावरून सांगायचं, आणि गाडी चुकलेल्या माणसांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत. हेदवीची गाडी लागली असं ते म्हणाले की पार रस्त्यापलीकडच्या उपाहारगृहातली माणसं वडा तोंडात कोंबून पळत सुटायची. हाच आवाज घेऊन ते दर श्रावणात घरी पोथी वाचायचे.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचे. लहानपणी त्याला सारखा ताप यायचा, गुडघे सुजायचे. थंडीचं असेल, वाताचं असेल, असं म्हणत वर्षं गेली. त्या तापाने हृदयाची झडप खाल्ली हे कळलं तेव्हा तो दहावी होऊन कॉलेजात जायला लागला होता, म्हणजे कॉलेजचा चढ त्याला चढवेनासा झाला होता. बाबा त्याला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून परत आले तेव्हा आधी आईला मागच्या दारी घेऊन गेले. मला कुणी काही सांगितलं नाही. त्या दिवशी आईने कालवणात मीठ घातलं नव्हतं आणि बाबा तसंच जेवले. त्यावरून मी काय ते समजले.

दादाला घरी बसून करायचं काय? मामा मुंबईत पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होता. तो फूटपाथवरून हिंदी कॉमिकं घ्यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, सुतळी बांधायचा आणि रत्नागिरीला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. ती बाबांच्या केबिनमध्ये पोचायची. बाबांना कॉमिकांचा भयंकर तिटकारा. "शिंची चित्रं!" म्हणायचे. "माणूस अंगाला चिकटलेले कपडे घालून उडतोय काय, नि भिंती पाडतोय काय!" पण पुडकं मात्र एकदाही विसरले नाहीत. दादाच्या खाटेवर टाकायचे आणि म्हणायचे, "हे घे, तुझा कचरा आला."

त्या कॉमिकांत चार वीर होते, चौघांची पुस्तकं वेगळी. त्यांची छापील नावं भारदस्त हिंदी होती, आम्ही घरची ठेवली होती. लोखंडी हातांचा तो पोलाद्या. अंगातून उजेड पडणारा तो काजवा. जिच्या ओरडण्याने इमारती पडत ती बोंबाबाई. आणि चौथा समुद्रातून आलेला, आमच्याकडच्या खारव्यांसारखं कमरेला मासेमारीचं जाळं बांधणारा, तो खारवी. या खारव्याचं एक होतं, पाण्याबाहेर फार वेळ राहिला की त्याला धाप लागायची, श्वास पुरायचा नाही. बाकीचे तिघे दणादण लढायचे आणि हा मधेच गुडघ्यावर बसायचा. दादाचा सगळ्यात लाडका तोच.

त्या वर्षी कंपनीने चौघांना एकत्र आणलं. सूर्य विझवायला निघालेला कुणी एक राजा होता, त्याच्याशी चौघांची मिळून लढाई, चार भागांत एकच गोष्ट. पहिला भाग आषाढात आला, दुसरा श्रावणाच्या तोंडावर. तेवढ्यात इकडे घरात पोथी लागली.

बाबांची पोथी युद्धाची होती. बाबांची सकाळची पाळी असायची, दुपारी ते घरी यायचे, आंघोळ करून धूतवस्त्र नेसायचे आणि चार वाजता पडवीत चौरंगापुढे बसायचे. शेजारपाजारच्या बायका, दोघे-तिघे म्हातारे यायचे. दादाची खाट पडवीतच कोपऱ्यात होती. पाठीला उशा लावून तो ऐकत बसायचा. एके दिवशी वाचन संपलं, बायका तीर्थ घेत होत्या, आणि हा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, तुमची पोथी म्हणजे माझंच कॉमिक आहे."

"जीभ हासडीन!" बाबा म्हणाले.

"बघा तरी. प्रत्येक राजाची गोष्ट आधी वेगळी. जन्म वेगळा, शस्त्र वेगळं, शंख वेगळा. मग कुणीतरी ठरवतं, चला, यांना सगळ्यांना एका मैदानात उभं करू. माझ्या कंपनीने तेच केलं."

"तुझ्या कंपनीने खपासाठी केलं."

"आणि तुमच्या कवीने?"

"लोकांना शहाणपण यावं म्हणून."

"आलं?" दादाने विचारलं.

एक म्हातारे खो खो हसले आणि त्यांच्या हातातलं तीर्थ सांडलं. बाबांनाही हसू फुटलं, पण त्यांनी ते उपरण्यात लपवलं.

तेव्हापासून रोज पोथीनंतर यांचं चालायचं. आई वैतागायची, "अहो, त्याला दम लागतो, कशाला बोलायला लावता!" पण खरं सांगते, त्या भांडणांनी दादाच्या तोंडावर रंग यायचा. तो म्हणायचा, दोन्हीकडे सगळी माणसं आधी गैरसमजातून आपसात लढतात. दोन्हीकडे एक तरी म्हातारा असा असतो की त्याने पहिल्याच अध्यायात तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. प्रत्येक वीराची एक कच्ची जागा असते आणि ती नेमकी शत्रूलाच ठाऊक असते. आणि दोन्हीकडे हजारो माणसं रथांखाली नाहीतर इमारतींखाली मरतात, त्यांची नावं कुणी विचारत नाही. मी पंधरा वर्षांची होते, मला हे सगळं फार मोठं वाटायचं. तो सिनेमा बघतानाही मला दादाचीच वाक्यं आठवत होती, आणि माझा मुलगा ती मला नवीन म्हणून ऐकवत होता.

बाबाही काही कमी नव्हते. केबिनमध्ये बसून उत्तरं तयार करून यायचे. एकदा म्हणाले, "ऐक. माझ्या पोथीला येणाऱ्या प्रत्येक माणसाला शेवट ठाऊक असतो. कोण पडणार, कोण उरणार, सगळं पाठ असतं. तरी दरवर्षी येऊन बसतो. तुझ्या पुस्तकाचा शेवट एकदा कळला की कोण बघतंय त्याच्याकडे परत?" दादा नुसता उशा सारख्या करायला लागला. बाबा इतके खूश झाले की दोनदा चहा प्यायले.

आणि मला एक गोष्ट दिसली होती, ती मी कुणाला बोलले नाही. पुडक्याची सुतळी पूर्वी करकचून बांधलेली यायची. आता ती सैल असायची, गाठ मामाची नसायची. बाबा केबिनमध्ये बसून आधी स्वतः वाचत होते.

पोथीचा एक नियम आमच्याकडे फार कडक होता. मरणावर पोथी बांधायची नाही. वीर पडला की कितीही वेळ होवो, वाचणाऱ्याने पुढे वाचत जायचं. कुणाचा जन्म येईपर्यंत, कुणाचं लग्न येईपर्यंत, नाहीतर निदान सकाळ होऊन शंख वाजेपर्यंत. मग पोथी लाल फडक्यात बांधायची, कपाळाला लावायची आणि उठायचं. मधे रडायचंही नाही, रडणं पोथी बांधल्यावर. तसं केलं नाही तर मरण घरात मुक्काम करतं, असं आई म्हणायची. आणि ज्याने पोथी लावली त्यानेच ती शेवटपर्यंत न्यायची, मधे दुसऱ्याने तोंड घालायचं नाही.

श्रावणाच्या मध्यावर तिसरा भाग आला. दादाने तो एका बैठकीत वाचला आणि बंद करून पोटावर ठेवला. शेवटच्या पानावर खारवी मेला होता. सूर्य विझवायला निघालेल्या राजाला त्याने समुद्रापासून लांब, कोरड्या वाळवंटात अडवून धरलं होतं, बाकीचे येईपर्यंत. ते आले तेव्हा हा वाळूत पालथा पडलेला. तिघे माना खाली घालून उभे. खाली लिहिलेलं, पुढचा भाग लवकरच.

"मेला," दादा म्हणाला. हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते. "ज्याचे अंक खपत नाहीत त्याला मारतात. पोलाद्याला हात लावायची छाती आहे का यांची?" मग बाबांकडे बघून म्हणाला, "बघितलंत? यांनी मरणावर पोथी बांधली."

"म्हणून तर कचरा म्हणतो मी," बाबा म्हणाले. पण संध्याकाळी मागच्या दारी पाय धुताना त्यांनी मला हळूच विचारलं, "तो पुढच्या भागात उठतो का गो?"

"मला काय माहीत!"

"उठायला हवा," ते म्हणाले आणि तांब्या रिकामा झाला तरी तसाच धरून उभे राहिले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते झालं. पाऊस नुसता कोसळत होता, पडवीत पागोळ्यांचा पडदा. पोथी त्या दिवशी सगळ्यात तरुण वीराच्या मरणापाशी आली होती. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. वीर पडला, आणि त्याच ओवीवर डेपोतला माणूस सायकल आपटत अंगणात आला, नखशिखांत भिजलेला. घाटात दरड आली होती, रस्ता बंद, मुंबईच्या गाड्या पलीकडे अडकलेल्या, स्टँडवर माणसांची ही गर्दी. "साहेब, ताबडतोब चला."

बाबांनी बोटाने पुढची ओवी दाखवली, जरा थांब म्हणून. तो म्हणाला, "साहेब, लोक केबिनची काच फोडतायत. आत हाताखालचा पोरगा एकटा आहे, त्याला मारतील."

बाबांनी पोथी बांधली. तिथेच. सगळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, मी वाचते पुढचं, तर आई माझ्यावर खेकसली, "तू लावली होतीस का पोथी?" बाबा छत्री न घेताच गेले. त्यांच्या पाठीमागून दादा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही पण कंपनीवाले झालात हां!" त्याला बिचाऱ्याला सगळ्यांना हसवायचं होतं. कुणी हसलं नाही.

बाबा परत आले ते दुसऱ्या दिवशी. आल्या आल्या आंघोळ करून, तोंडात अन्नाचा कण न घालता पोथीला बसले आणि ऐकायला कुणी नसताना पुढच्या सकाळच्या शंखापर्यंत वाचत गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याच आठवड्यात दादाचे पाय सुजले.

आई एकदाच बोलली. "एक रात्र मरण घरात राहिलं," असं म्हणाली, बाबांना, माझ्यासमोर. बाबा तापट माणूस, उलट बोलल्याशिवाय कधी राहायचे नाहीत. त्या दिवशी नुसत्या चपला घातल्या आणि पाळी नसताना स्टँडवर गेले. मला आईचा इतका राग आला! अजून येतो. झडपेला पोथी काय करणार होती? डॉक्टरांनी सांगितलेलं तिने कानांनी ऐकलं होतं. पण आता मी स्वतः आई आहे, तर वाटतं, तिने ओरडायचं तरी कुणावर? देवावर ओरडायची सोय नव्हती, डॉक्टर मुंबईला होते, समोर एक बाबाच होते.

दादाने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. "अगो आई, माझा खारवी किती दिवस मेलेला पडलाय माझ्या उशीखाली, त्याने काय झालं?" झालं! आई उठली, उशीखालून तो तिसरा भाग ओढून काढला आणि बाहेर नेऊन विहिरीच्या कठड्यावर ठेवला, भर पावसात. दादा तिच्यामागे उठायला गेला आणि अर्ध्या पडवीत खाली बसला. तो रडला. एवढ्या आजारपणात पहिल्यांदा. संध्याकाळी बाबा आले, ते येतानाच विहिरीवरून भिजलेलं पुस्तक घेऊन, चुलीजवळ पान पान सुटं करून वाळवलं आणि त्याच्या उशीखाली ठेवलं. आई बघत होती. तिने अडवलं नाही.

रस्ता सुरू झाला, मुंबईच्या गाड्या यायला लागल्या. चौथ्या भागाचं पुडकं येईना. बाबा प्रत्येक मुंबई गाडीच्या ड्रायव्हरला जाऊन विचारायचे. स्टँडवरच्या लोकांना वाटायचं, काहीतरी औषध यायचं आहे. घरी पाऊल टाकलं की दादा खाटेवरून विचारायचा, "आलं?" आणि बाबा म्हणायचे, "गाडी लेट आहे."

गणपतीला मामा आला. मी बाबांचा डबा घेऊन स्टँडवर गेले होते, तर मामा केबिनमध्ये बसलेला, मान खाली. सगळे फूटपाथ पालथे घातले म्हणाला. चौथा भाग निघालाच नाही. कंपनी बंद पडली असं विकणारे सांगत होते. "त्याला काय सांगू मी?" मामा विचारत होता. बाबांनी त्याचं मनगट धरलं. "छापतायत म्हणून सांग. दुसरं काही बोललास तर तू माझा मेहुणा आहेस हे मी विसरेन." मामाने घरी येऊन तसंच सांगितलं, पण त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, सांगताना तो दादाकडे न बघता गणपतीकडे बघत होता.

गणपतीच्या दिवसांत दादाला बघायला माणसांची रीघ लागली. मुंबईहून आलेले झाडून सगळे, कुणी मोदक घेऊन, कुणी उगाच. येऊन बसायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. एक घोळका गेला तसा दादा बाबांना म्हणाला, "तुम्ही जिंकलात. मी आता कॉमिक नाही राहिलो, पोथी झालो. शेवट सगळ्यांना पाठ आहे, तरी येऊन बसतात." बाबा पान लावत होते. ते पान त्यांनी खाल्लं नाही. मी आत जाऊन माजघरातल्या तांदळाच्या कोठीला डोकं लावून रडले.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. ऊन पडलं, शेतातल्या लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा वास यायला लागला. दादाला आता आडवं होता येत नव्हतं. दिवसभर उशांना टेकून बसायचा, डोळे मिटून, श्वासाचा आवाज पडवीभर. डोळे उघडायचा तेही मोजक्या वेळा. पण बाबांच्या चपला अंगणात वाजल्या की ओठ हलायचे. आलं?

त्या दिवशी बाबा पाळी संपायच्या आधीच घरी आले. दुपार होती. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, वर सुतळी. मी धावत पुढे गेले. म्हटलं, मामाला मिळालं!

"आला बघ," बाबा म्हणाले. "चौथा भाग."

दादाने डोळे उघडले. हात पुढे केला, तो खाटेवरून पुरता उचललाही गेला नाही. "तुम्हीच वाचा," म्हणाला. "चित्रं पण सांगा."

बाबांनी आंघोळ केली. कॉमिक वाचायला आंघोळ! धूतवस्त्र नेसून आले आणि खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. एक हात दादाच्या पायावर ठेवला, दुसऱ्याने पुडकं सोडलं. मी दादाच्या बाजूला उभी राहून पंख्याने वारा घालत होते, मला नीट दिसलं. ते एसटीचं वेळापत्रक होतं. बारीक छापाचे रकाने. हेदवी, जयगड, केळशी, पुढे वेळा. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कागदाचा वास वेगळा येतोय," दादा डोळे मिटूनच म्हणाला.

"छापखाना बदलला त्यांनी."

दादा जरासा हसला. "खारव्याला लगेच उठवू नका हां. घाईने उठवला तर मजा नाही."

"मी कोण उठवणारा? लिहिलंय ते वाचतोय."

"हो, हो," दादा म्हणाला.

आणि बाबा वाचायला लागले. पहिल्या चित्रात वाळवंट आहे, म्हणाले. तिघे उभे आहेत. काजवा म्हणतो, याला इथे ठेवायचं नाही, हा पाण्याचा माणूस आहे, याला पाण्यात न्यायचं. पोलाद्याने त्याला खांद्यावर घेतला. बोंबाबाईच्या डोळ्यांत पाणी आहे, पण ती ओरडत नाही, कारण ती ओरडली तर डोंगर पडेल आणि वाट बंद होईल. "तेव्हा पोलाद्या काय बोलता झाला..."

"कॉमिकात असं नसतं हो," दादा पुटपुटला. "बोलता झाला बिलता झाला."

"नवीन भाषांतर आहे."

"बरं. बोलता झाला." श्वास घेऊन तो म्हणाला, "पुढे."

बाबा पुढे गेले. वाळवंट संपलं, घाट लागला. घाटात दरड होती. पोलाद्याने ती एका हाताने बाजूला केली, आणि गाड्या सुरू झाल्या. मग खाडी आली, भरती लागत होती. काजव्याने पाण्यात हात घातला आणि तळापर्यंत उजेड पडला. बाबांचं बोट वेळापत्रकाच्या रकान्यावरून खाली खाली सरकत होतं, पान उलटत होतं. मला ते सगळं खरंच दिसायला लागलं. म्हणून माझं दादाकडे लक्ष नव्हतं. एवढंच कळलं की बाबांचा आवाज बदलला. इतका वेळ हळू वाचत होते, ते एकदम स्टँडवरच्या आवाजात वाचायला लागले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असे.

आई पेज घेऊन दारात आली. बाबांनी तिला तळहात दाखवला. पोथी चालू असताना कुणी उशिरा आलं की दाखवायचे, तसाच. आईने दादाकडे बघितलं. वाटी कलली, पेज तिच्या पायावर सांडली. तिने तोंड उघडलं आणि बाबांनी जोरात मान हलवली, नाही म्हणून, आणि वाचत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज जराही हलत नव्हता. आई दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली, पदराचा बोळा तोंडात धरून.

खारव्याच्या तोंडात पाणी गेलं. नाकात गेलं. छाती भरली. आधी बोट हललं, मग हात. त्याने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि त्याला धाप लागली नाही. उजाडलं. सूर्य कुणीही विझवला नव्हता. मांडवीच्या किनाऱ्यावर होड्या आल्या, शंख वाजला. खारवी पाण्यातून चालत वर आला, त्याच्या आईने त्याला पेज वाढली, ती तो जेवला, आणि उठून आपल्या पायांनी घरी गेला.

बाबांनी वेळापत्रक मिटलं. चौरंगावरचं लाल फडकं आणलं, त्यात ते बांधलं, गाठ मारली, कपाळाला लावलं आणि दादाच्या उशीखाली त्या तिसऱ्या भागावर ठेवलं. मी अजून वारा घालत होते. त्यांनी माझ्या हातातून पंखा काढून घेतला.

"हां," ते म्हणाले. "आता रडा."